हातावरची नोंद

बोरवाडीच्या चर्चमध्ये तेव्हा बाया डावीकडं आणि बापे उजवीकडं चटयांवर बसत. मी डावीकडच्या चौथ्या रांगेत पायाच्या अंगठ्यानं चटईची काडी उपसत बसले होते. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपता संपता फादर कजेतन यांनी चष्मा लावला आणि एक कागद उघडला.

“लग्नाची पहिली घोषणा. आमोस, दिवंगत लाजरस भिंगारदिवे यांचा मुलगा, वय तेहतीस, विधुर. आणि मार्था, शांतवन पारधे मास्तर यांची मुलगी, वय अठरा. या लग्नाला कोणाला काही अडथळा ठाऊक असेल, तर त्यानं धर्मगुरूंना कळवावं.”

शेजारच्या सुलोचनानं मला कोपर मारलं. “ए, तुझं नाव!”

मला वाटलं, दुसरीच कोणी मार्था असेल. मी मागं वळून पाहिलंसुद्धा. मागच्या बाया माझ्याकडं बघून हसत होत्या, तेव्हा कळलं की लग्न माझंच आहे.

आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार असं चर्चमध्ये वाचून दाखवतात. सगळ्यांनी ऐकायचं आणि काही ठाऊक असेल तर सांगायचं. ठाऊक असून गप्प बसणं पाप, असं माझा बापच आम्हा पोरांना शिकवायचा. तो मिशनचा मास्तर होता. फादर अकरा वाड्या फिरायचे, त्यामुळं प्रार्थना घेणं, पोरांना धर्माचे धडे देणं, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी लिहिणं सगळं त्याच्याकडं. अक्षर इतकं देखणं, की फादर न वाचताच सही करायचे. मिशनच्या आवारातलं आमचं दोन खोल्यांचं घरही त्या कामामुळंच मिळालेलं. १९८४ चा मे महिना होता. मी नववीची परीक्षा दिली होती आणि मला पंधरा वर्षं पुरी होऊन दोन महिने झाले होते.

मिस्सा सुटल्यावर मी घरी गेलेच नाही. सरळ दवाखान्यात गेले. सिस्टर लिओकादिया सुया उकळत बसल्या होत्या.

त्या मूळच्या वसईच्या. बोरवाडीला येऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. लोकांना लिओकादिया म्हणता येईना, म्हणून सगळे लोकाबाई म्हणत. जीभ तिखट. बाळंतिणीवर ओरडायच्या, तिच्या नवऱ्यावर त्याहून जास्त, आणि सासूची तर धडगत नसायची. तरी आजूबाजूच्या वाड्यांत कोणाला कळा लागल्या की पहिली हाक त्यांनाच. सायकलवरून जायच्या. वही जवळ नसायची, म्हणून डाव्या तळहातावर लिहायची त्यांना खोड. कोणाला किती ताप, कोणाचं बाळ किती वजनाचं, सगळं हातावर. संध्याकाळी कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या मठात, गेल्यावर ते वहीत उतरवायच्या आणि मगच हात धुवायच्या. तो तळहात कायम निळा असायचा. लहानपणी आम्ही पोरं “सिस्टर, आज कोण झालं?” म्हणून त्यांचा हात उघडून बघत असू.

“तुला कोणी विचारलं?” माझं ऐकून त्यांनी विचारलं.

“नाही.”

“नवरा पाहिलास?”

“नाही. साखर कारखान्यावर मुकादम आहे. सिमोनदादाला तिथं चिकटवणार आहेत.”

“म्हणजे नोकरी भावाला आणि पाठवणी तुझी.” त्यांनी चिमटा ताटलीत आपटला. “आणि हे अठरा कुठून आणले मास्तरांनी? तुला मी माझ्या हातानं बाहेर काढलंय. मला शिकवतात काय?”

मी त्यांचे पाय धरले. “सिस्टर, मला नाही जायचं. तुम्ही म्हणाला होता, दहावी झाली की नर्सिंगला पाठवते. तुम्ही हे लग्न अडवा.”

“उठ आधी. अडवते. पण फादरांनी विचारलं तर खरं सांगशील ना?”

“क्रुसाची शपथ, सांगेन.”

“शपथ नको. नुसतं सांग.”

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. ओसरीवर बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. बापाला जणू ठाऊकच होतं. त्यानं बाप्तिस्म्याचं मोठं रजिस्टर आधीच घरी आणून ठेवलं होतं. पान उघडून त्यानं बोट ठेवलं.

“मार्था. जन्म बारा फेब्रुवारी सहासष्ट. बाप आणि आई, आम्हीच. आपण स्वतः मोजावं, सिस्टर.” तो कोणाशीही बोलला तरी शास्त्रपाठ वाचल्यासारखा बोलायचा.

सिस्टरांनी ती ओळ वाचली आणि रजिस्टर मिटून टाकलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्या आईकडं पाहिलं.

“एस्तेर, ही पोर अकरा महिन्यांची होऊन गेली. गोवर झाला होता. तुझ्या मांडीवरून मीच उचलली होती ना तिला?”

आईनं पदर तोंडात धरला.

माझ्या आधी एक मुलगी होऊन गेली, एवढंच मला ठाऊक होतं. तिचं नावही मार्था होतं, हे मला त्या ओसरीवर कळलं. आजीचं नाव चालावं म्हणून तिला ते ठेवलं, ती गेली म्हणून तेच मला ठेवलं. आमच्याकडं असं करतात. त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

“मग हिची नोंद दाखवा,” सिस्टर म्हणाल्या.

“तीच तर नाही.” बापानं दोन्ही हात पसरले. “दाखल्यासाठी एकोणसत्तर सालचं पान न् पान मी पाहिलं. हिच्या जन्माच्या वेळी मी फादरांबरोबर वाडीवर होतो. हिला पाणी आपण घातलंत. मग नोंद कोणी द्यायची होती?”

सिस्टरांनी आपला डावा हात उघडला आणि त्याकडं बघत राहिल्या.

मी जन्मले तेव्हा निळी पडले होते म्हणे, रडतही नव्हते. मूल जगेलसं दिसत नसेल तर कोणीही त्याच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं. नंतर मात्र फादरांना सांगून त्याची नोंद करावी लागते. सिस्टरांनी पाणी ओतलं, मी रडले आणि त्यांनी हातावर लिहून घेतलं. तेवढ्यात पलीकडच्या वाडीवरून दुसऱ्या बाईचं बोलावणं आलं. तिथं त्यांनी बाळंतपणाआधी कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. बापाला वाटलं सिस्टरांनी नोंद दिली, सिस्टरांना वाटलं आपण दिली. पुढं माझ्या पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा प्रसाद घेणाऱ्या पोरांची, यादी बापानंच केली, त्यामुळं रजिस्टर बघायची वेळ कोणावर आली नाही.

“माझ्या हातावरून धुतली गेली ही,” सिस्टर म्हणाल्या. “चूक माझी. पण शाळेच्या दाखल्यावर तरी खरं साल आहे.”

“शाळेत अर्ध्या मिशनची जन्मतारीख एक जून आहे, सिस्टर. त्या तारखा मीच सांगितल्यात. शाळेच्या दाखल्याला कोण विचारतो?”

“मास्तर, मेलेल्या पोरीच्या कागदावर जित्या पोरीचं लग्न लावताय तुम्ही.”

“दोघीही माझ्याच आहेत,” बाप म्हणाला.

कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कोणाकडं मागायची? दुसऱ्या रविवारी फादरांनी पुन्हा नावं वाचली. पुन्हा विचारलं, कोणाला अडथळा ठाऊक आहे का? चर्चमध्ये दोन-अडीचशे माणसं होती. त्यातल्या कितीतरी बाया पहिल्या मार्थाच्या मातीला आल्या होत्या. तिच्यावर ठेवलेला दगड कुठं आहे, हेही त्यांना सांगता आलं असतं. एक जण हलला नाही. मास्तराशी वाकडं कोण घेणार? उद्या यांच्या पोरांचे दाखले त्यालाच लिहायचे होते. मिस्सा झाल्यावर एकट्या सिस्टर फादरांकडं गेल्या. फादर म्हणाले, पुढच्या रविवारी मिस्साच्या आधी सगळे या, मुलीलाही आणा.

शनिवारी आई भाकरी थापत होती. मी चुलीपुढं बसले होते. परातीतल्या पिठाकडं बघत ती बोलत राहिली.

“फादर तुझ्या बापाला काढत्याल. ह्ये घर सोडावं लागंल. सिमोनचं काम गेलंच म्हणून समज. आन् तुझा बाप मला जित्ती ठिवायचा न्हाई. लोकाबाईचं काय? तिला ना लेकरू ना बाळ. उद्या ती दुसऱ्या मिशनला जाईल. आमाला हितंच मरायचंय.”

“आई, पण मी पंधराचीच आहे ना?”

“म्या कुठं नाय म्हन्ते? येका शब्दाचं तर काम हाय.”

रविवारी आम्ही चर्चमागच्या खोलीत जमलो. फादरांनी पांढरा झगा चढवला होता, वरचं वस्त्र अजून खुर्चीवर होतं. कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदर क्लेमेन्स भिंतीशी उभ्या होत्या. चेहरा असा, की आपल्या घरातलं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलंय.

“सिस्टरांचं म्हणणं, ही पंधरा वर्षांची आहे,” फादर म्हणाले. “पुरावा?”

“मी,” सिस्टर म्हणाल्या. “हिला जन्माला मी आणलं, पाणी मी घातलं आणि नोंद द्यायला मी विसरले. माझ्या चुकीची शिक्षा तिला देऊ नका, फादर. आणि कायद्याला अठरा लागतात.”

“मास्तरांच्या हातात कागद आहे, सिस्टर. तुमच्याकडं नुसता शब्द.” फादरांनी घड्याळ पाहिलं. बाहेर लोक जमले होते. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की खरं काय ते त्यांना कळलं होतं. पण मास्तर गेला असता तर त्यांच्या अकरा वाड्या कोणी सांभाळल्या असत्या? त्यांनी टेबलावरचा पितळी क्रूस पुढं सरकवला. “मार्था, यावर हात ठेव. या नोंदीतली मुलगी तूच का? तुझं वय किती?”

क्रूस गार होता. माझ्या मागं आईच्या बांगड्या वाजल्या. सिस्टर माझ्याकडं बघतही नव्हत्या. मी काय सांगणार, याची त्यांना इतकी खात्री होती.

“अठरा, फादर. मीच ती.”

बापानं विचारलं, “आणि सिस्टरांना तू काय सांगितलं होतंस?”

“काही नाही. त्याच म्हणाल्या, लग्न करू नको, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर व्हायला ये. वय मी सांगेन म्हणाल्या.”

‘अठरा’ आईनं माझ्या तोंडात घातलं होतं. हे दुसरं कोणीही शिकवलं नव्हतं. बापानंही नाही. तोसुद्धा चपापून माझ्याकडं बघायला लागला. हे मी माझ्या मनानं बोलले. एक खोटं बोलून झालं होतं. आता सिस्टरांनीच वाईट ठरावं, म्हणजे मग मला वाईट वाटायचं कारण उरणार नाही, असं काहीतरी त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं असावं. मदर क्लेमेन्सचा चेहरा एकदम बदलला. पोरींना फूस लावून कॉन्व्हेंटमध्ये नेतात, या बोलण्याला त्या बाया सगळ्यांत जास्त भीत.

सिस्टरांनी आता माझ्याकडं पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बरं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि मिस्साला जाऊन बसल्या. तिसरी घोषणा त्यांनी माझ्यासारखीच खाली मान घालून ऐकली.

सिस्टर लोकांची बदली झाली की त्या गाजावाजा करत नाहीत. आज्ञा पाळायचं त्यांचं व्रत असतं. का म्हणून विचारायचं नाही, निरोप समारंभ नाही, एक पत्र्याची पेटी घ्यायची आणि निघायचं. बुधवारी मला हळद लागत होती. मांडवात बाया गाणी म्हणत होत्या आणि आवारातून सिस्टर पेटी घेऊन एस.टी.कडं निघाल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी त्या मांडवातल्या अर्ध्या बायांची बाळंतपणं केली होती. एकीनंही उठून पेटीला हात लावला नाही. सिस्टरांनी पेटी खाली ठेवली आणि सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. गाणं थांबलं. आता या मला सगळ्यांदेखत बोलणार, असं वाटून मी डोळे मिटले.

“पहिलं बाळंतपण घरी होऊ देऊ नकोस,” त्या हळू म्हणाल्या. “दवाखान्यात जा. आणि डॉक्टरला खरं वय सांग. तिथं तरी सांग, मार्था.”

पेटी उचलताना त्यांचा डावा तळहात मला दिसला. त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी डॉक्टरला सांगितलं नाही. सासूनं एकोणीस सांगितलं आणि मी मान हलवली. दोन दिवस कळा दिल्यावर मूल मेलेलं निघालं आणि माझी पिशवी काढावी लागली. मी सोळा वर्षांची होते. आमोसनं चार वर्षं कशीबशी काढली, मग दुसरी बाई आणून ठेवली. मी माहेरी आले तोवर बाप मेला होता. दादाची कारखान्यातली नोकरीही दोन हंगामांत गेली होती. म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेही राहिलं नाही. सिस्टरांच्याच दवाखान्यात मी आया म्हणून लागले आणि तीस वर्षं तिथली फरशी पुसली. त्या तिकडं मेळघाटात आहेत, एवढं कानावर यायचं. मी दोनदा पत्र लिहायला बसले. ‘प्रिय सिस्टर’ याच्यापुढं काय लिहायचं ते मला कधी सुचलं नाही.

त्या परवाच्या जानेवारीत गेल्या, एकोणनव्वदाव्या वर्षी. आणि बोरवाडीला एकाएकी त्यांचा उमाळा आला. दवाखान्याला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. ‘त्यागमूर्ती सिस्टर लिओकादिया’ असा मोठा फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुक म्हणून ज्यांचे फोटो होते, त्यांच्यापैकी कोणाच्या आईनं त्या दिवशी मांडवात मान फिरवली होती, हे मी नावानिशी सांगू शकते. नवे फादर तरुण आहेत. ते म्हणाले, “मार्थाबाई, त्यांना जवळून पाहिलेल्या तुम्हीच उरलात. दोन शब्द बोला.”

“बोलते. पण आधी माझ्या बाप्तिस्म्याची नोंद करा. आणि पाणी कोणी घातलं त्या रकान्यात सिस्टरांचं नाव लिहा.”

त्यांनी जुनं रजिस्टर काढलं आणि हसले. “आहे की तुमची नोंद. हे बघा, समासात लग्नही लिहिलंय.”

आमच्यात लग्न झालं की बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी समासात तसं लिहितात. सहासष्ट सालच्या ओळीपुढं बापाच्या देखण्या अक्षरात होतं, ‘विवाह, आमोस लाजरस भिंगारदिवे, २४ मे १९८४.’ चर्चच्या पुस्तकात आमोसशी लग्न त्या अकरा महिन्यांच्या पोरीचं झालंय. मी त्या पुस्तकात कुठंच नाही.

मी फादरांना सगळं सांगितलं. काहीही न वगळता सांगितलं. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “मी लिहीन. पण त्या वेळी हजर असलेलं कोणी साक्षीला हवं.”

“आई आहे.”

आई ऐंशीची आहे. दिसतं कमी, पण डोकं शाबूत. मी तिला हाताला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. फादर वाकून मोठ्यानं म्हणाले, “आजी, तुम्हाला मार्था नावाच्या दोन मुली झाल्या ना? पहिली वारली आणि या दुसऱ्या. यांना सिस्टर लिओकादियांनी पाणी घातलं होतं ना?”

आई माझ्याकडं वळली. मग हातानं चाचपून तिनं रजिस्टरवर बोटं ठेवली.

“येकच मार्था व्हती आमची,” ती म्हणाली. “हीच ती. मास्तरानं लिवलंय ना त्यात? मंग तसंच.”

बाप मरून पस्तीस वर्षं झाली. तरी. तिला हलवून हलवून विचारावं, असं मला वाटलं. पण मला ते करता येईना. त्या खोलीत क्रुसावर हात ठेवून मी काय बोलले होते, ते तिनं ऐकलं होतं. आणि आता मी तिचं ऐकत होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

रविवारी समारंभ झाला. विसरायला नको, म्हणून मी सकाळीच पेनानं तळहातावर लिहून ठेवलं होतं. माइकसमोर हात उघडला आणि वाचलं. “माझा जन्म मार्च एकोणसत्तरचा. मला पाणी सिस्टर लिओकादियांनी घातलं. चौऱ्याऐंशी साली मी पंधराची होते आणि त्या खरं बोलत होत्या. त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये बोलावलं नव्हतं. मीच त्यांच्या पाया पडायला गेले होते. क्रुसावर हात ठेवून खोटं बोलले ती मी. म्हणून त्यांना इथून घालवलं.”

कोणी हललं नाही. मग मागून एकानं टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या, कारण प्रत्येकाच्या बोलण्यानंतर वाजवतच होते. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, “मार्थाबाईंनी किती हृद्य आठवण सांगितली!” आणि तिनं पुढचं नाव पुकारलं. नंतर वडे आणि चहा होता.

मी घरी आले. आईला सकाळपासून आंघोळ नव्हती. पाणी तापवलं, तिला न्हाणीत बसवलं आणि पाठीला साबण लावला. निम्मी पाठ घासून झाल्यावर मला हाताची आठवण झाली. उघडून पाहिला तर तळहातावर नुसता फेस होता.